सर्व्हायव्हर डॉट आयओ गेममधले जेम्स (रत्नं) यूपीआयवर निघत नाहीत

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर सर्व्हायव्हर डॉट आयओ या मोबाइल गेमबद्दल एक मेसेज फिरतोय: 'सर्व्हायव्हर डॉट आयओवर सरकारची बंदी आली, गेम बंद व्हायच्या आत आपले जेम्स यूपीआयवर काढून घ्या.' खाली लिंक. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, हे खरं. पण त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. हॅबी कंपनीच्या 2022 मधल्या या गेममध्ये जिंकायला पैसेच नसतात. झोंबींच्या लोंढ्यात तग धरायचा, लेव्हल वाढली की पुढ्यात आलेल्यांतून एक कौशल्य निवडायचं. पूर्ण वाढलेल्या कुनाईला (फेकायचं शस्त्र) कोगा निंजा स्क्रोल या पूरक कौशल्याची जोड मिळाली की तिचं आणखी ताकदवान स्पिरिट शुरिकेन होतं. मग पोरगं जेवायला चार हाका मारल्या तरी उठत नाही. डाव संपला की ती कौशल्यं गेली, पुन्हा पहिल्यापासून. सोनं, जेम्स उरतात, पण गेमच्या आतच. पैसा गेला तर तुमच्याकडून कंपनीकडे, तोही तुम्ही काही विकत घेतलं तरच.

राहिली लिंक. तिथे यूपीआय पिन मागितला तर लक्षात ठेवा, तो पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. कुणी पिन टाकून बसलं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेलाही कळवा.

आणि 'खरं-खोटं माहीत नाही, पण पाठवतोय' असं वर लिहून हा मेसेज ढकलणाऱ्यांनो, माहीत नव्हतं तर पाठवला कशाला?