रंग फार छान बसला आहे

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा तोंडावर आली असताना वडिलांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट नवा रंग लेऊन दारात उभी राहिली, तेव्हा होटगी रस्त्याने जाणारी माणसे थांबून तिच्याकडे पाहत असत. यात्रा उठायच्या आत तीच माणसे तिला ढकलू लागली.

सेल्फ मारला की गाडी एकदा कण्हत असे आणि गप्प होत असे. धक्का देऊन सुरू झालीच, तर बॅटरी चार्ज होत नसल्याचे सांगणारा डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा विझत नसे. बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असलेल्या गाडीत इंजिन मंद चालू असताना तो दिवा मिणमिणला तर त्यात काही गैर नाही. पण आमचा दिवा गाडी भरधाव असतानाही देवघरातल्या समईच्या निष्ठेने तेवत होता. धक्का देणाऱ्या प्रत्येकाकडे निदान तयार असे, आणि गंमत म्हणजे ते नेहमी त्याच्या स्वतःच्या धंद्यातले निघे. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलायला लावली. आर्मेचर भरून देणाऱ्याने डायनॅमो उतरवून नवे कार्बन घातले. फॅनबेल्ट ताणून झाला, डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट नवा बसवला. चौथ्या दिवशी नवी बॅटरीही जुनीसारखी वागू लागली. ‘अहो, तेवढ्या पैशांत शेजारच्या सगळ्या पोरांना कायमची नोकरी देता आली असती,’ असे सौभाग्यवतींनी शेंगाचटणी कुटता कुटता सुचवले.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनला घरी आणले. त्यांनी बॉनेट उघडून प्रथम चहा घेतला आणि मग मला सेल्फ मारायला सांगून डॅशबोर्डापासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या चोकच्या तारेला बोट लावले. ‘सर, हात लावून बघा.’ मी हात लावला आणि तितक्याच वेगाने मागे घेतला. तार तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी तापली होती. त्यांनी मल्टीमीटर काढला. डायनॅमोच्या अंगावर मोजले तर १४ व्होल्ट, बॅटरीच्या टोकांवर मोजले तर १२.२. मग एक पिन बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी इंजिनावर ठेवून पुन्हा सेल्फ मारायला लावला. जिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसू नये, तिथे काटा चारवर गेला.

‘रंग लई भारी बसलाय सर,’ ते म्हणाले. ‘विजेला परत यायला वाटच नाही ठेवली.’

बॅटरीचे उणे टोक बॉडीला जोडलेले असते; पण इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेले असते, त्यामुळे ते बॉडीला विजेच्या अर्थाने चिकटलेले नसते. दोघांना जोडते ती एक विणलेली पट्टी. पट्टीचा बोल्ट बॉडीवर जिथे बसतो, तिथेही आमच्या रंगाऱ्याने प्रायमरसह तीन हात मनापासून दिले होते. घरी जायचा रस्ता बंद झाल्याने बिचारा करंट चोकच्या तारेतून आडवाटेने परतत होता.

रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरने पत्रा दिसेपर्यंत घासायची होती. ते काम त्यांनी मलाच दिले. जानेवारीत घेतलेल्या त्या रंगावर पहिला ओरखडा काढताना माझा हात थरथरला, हे मान्य करायला हरकत नाही. पट्टी आवळली, वर थोडे ग्रीस लावले. सेल्फ एका झटक्यात फिरला, वेग घेताच तांबडा दिवा विझला आणि बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसले.

रविवारी उरलेली मजुरी न्यायला रंगारी आला. कौतुकाने बॉनेट उघडून पाहता पाहता त्याचा चेहरा पडला. ‘साहेब, इथं एक जागा माझ्याकडून राहून गेली,’ असे म्हणत त्याने पिशवीतून ब्रश काढला.