हिरव्या दिव्यावर विसंबून सीएफएम काढून टाकू नका

‘स्विच जड झालाय? सीएफएम काढून टाका’ अशा मथळ्याचा पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरतोय. सीएफएम (कनेक्टिव्हिटी फॉल्ट मॅनेजमेंट) म्हणजे लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू आहे का, हे स्विचने स्वतःच तपासत राहण्याची सोय. मेसेजमधले मुद्दे असे: पोर्टचा दिवा हिरवा म्हणजे लाइन ठीक. तपासायला पिंग (एखाद्या पत्त्यावर हाक पाठवून उत्तर येतं का बघणं) पुरे. सीसीएममुळे, म्हणजे सीएफएमच्या सततच्या तपासणी-संदेशांमुळे, स्विचचा सीपीयू भरतो. सीएफएमची लेव्हल सगळीकडे ७ ठेवा. क्रॉसचेकची, म्हणजे समोर कुठली टोकं असायला हवीत त्याची, यादी भरू नका, समोरचं टोक स्विच आपोआप शिकतो. माझा भाचा एका कारखान्याचं नेटवर्क बघतो. हे वाचून त्याने ऑफिस ते गोदाम या लाइनवरचं सीएफएमचं सगळं कॉन्फिगरेशन काढलं. नंतर गोदामातलं बिलिंग बंद पडलं, आणि ते त्याला कळलं गोदामातून आलेल्या फोनवरून. पोरगा कामाला चोख आहे. इतक्या ठाम सुरात चुकीचा सल्ला फिरवणाऱ्यांचा मला राग आलाय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. तुमच्या स्विचची केबल जाते त्याच रॅकमधल्या प्रोव्हायडरच्या (लाइन पुरवणाऱ्या कंपनीच्या) डब्यात. हिरवा दिवा फक्त त्या दोन-तीन मीटर केबलची ग्वाही देतो. पुढे शहरभर पसरलेलं प्रोव्हायडरचं नेटवर्क, त्यातले ट्रंक (अनेकांचा डेटा एकत्र नेणाऱ्या जोडण्या), मधले स्विच, पलीकडचा डबा, यातलं काहीही तुटलं तरी तुमचा दिवा हिरवाच राहू शकतो. तुटायला फायबरच लागतं असंही नाही. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकच्या परवानगीच्या यादीत नवा व्हीलॅन (एकाच जोडणीतून जाणारं वेगळं आभासी नेटवर्क) घालताना ‘ॲड’ लिहायचं राहिलं, तर जुनी अख्खी यादी पुसली जाते आणि नवा व्हीलॅन तेवढा उरतो. या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, हा घोळ त्याने पाहिलेला असतो. दिवे सगळे हिरवे आणि ग्राहक बंद.

नेमकं हेच पकडण्यासाठी आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये ८०२.१एजी हे सीएफएमचं मानक आणलं. आता ते ८०२.१क्यू या मुख्य मानकाचाच भाग आहे. लाइनच्या दोन्ही टोकांच्या पोर्टवर एमईपी (सीएफएमचे तपासणी-बिंदू) बसवायचे. ते एकमेकांना ठरावीक अंतराने सीसीएम ही छोटी फ्रेम (डेटाचं पाकीट) पाठवत राहतात, आणि तीही ग्राहकाचा डेटा ज्या व्हीलॅनमधून जातो त्याच व्हीलॅनमधून. एका सेकंदाचं अंतर ठेवलं तर सीसीएम थांबल्यावर साधारण साडेतीन सेकंदांत टोक हरवल्याचा अलार्म येतो. बिघाड एकाच दिशेचा असला तरी सुटत नाही: ज्याला समोरचं ऐकू येत नाही, तो स्वतःच्या सीसीएममध्ये आरडीआयचा बिट लावून समोरच्याला तसं कळवतो. दिव्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता पिंग. बहुतेक लोक पिंग करतात स्विचच्या मॅनेजमेंट पत्त्यावर, आणि मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा असतो. त्या पिंगला उत्तर आलं म्हणून बिलिंगच्या व्हीलॅनबद्दल काहीही सिद्ध होत नाही. त्याहून वाईट, दोन ग्राहकांचे व्हीलॅन चुकून एकमेकांना जोडले गेले आणि दोघांकडेही १९२.१६८.१.१ हाच आयपी पत्ता असेल, तर उत्तर भलत्याच मशिनकडून येईल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. सीसीएममध्ये डोमेनचं (कुणाच्या देखरेखीखालचा भाग त्याचं) आणि सेवेचं नाव असतं. परकं नाव आलं की क्रॉस-कनेक्टचा (भलत्याच जोडणीचा) अलार्म वाजतो. आणि हाताने तपासायचंच असेल तर सीएफएममध्ये पिंगसारखं लूपबॅक आहे, वाटेत कुठवर पोचतंय हे बघायला लिंकट्रेस आहे. दोन्हींना आयपी पत्ता लागत नाही.

सीपीयूच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. मानकातलं सर्वांत कमी अंतर ३.३३ मिलिसेकंद, म्हणजे प्रत्येक एमईपीच्या सेकंदाला ३०० फ्रेम. असे १०० एमईपी असले की सेकंदाला ३०,००० फ्रेम, आणि ज्या स्विचमध्ये हे काम हार्डवेअर करत नाही तो त्याखाली दबणारच. मग अंतर वाढवा! एका सेकंदावर त्याच १०० एमईपींच्या १०० फ्रेम होतात. मानक १० मिनिटांपर्यंतचं अंतर देतं. फक्त दोन्ही टोकांना अंतर एकच ठेवा, नाहीतर चुकीच्या सीसीएमचा अलार्म येत राहील.

सगळीकडे लेव्हल ७ ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याला लेव्हल कशासाठी असतात तेच ठाऊक नाही. ० ते ७ अशा आठ लेव्हल आहेत. प्रचलित वाटणीत ५ ते ७ ग्राहकाच्या, ३ आणि ४ प्रोव्हायडरच्या, ० ते २ प्रत्यक्ष नेटवर्क चालवणाऱ्या ऑपरेटरच्या. वरच्या लेव्हलची फ्रेम खालच्या लेव्हलच्या एमईपीतून तशीच पुढे जाते. त्याच किंवा खालच्या लेव्हलची तिथे अडते. एकाच व्हीलॅनवर ग्राहक आणि प्रोव्हायडर दोघेही ७ वर बसले, तर ग्राहकाचे सीसीएम प्रोव्हायडरच्या एमईपीपलीकडे जाणार नाहीत आणि धडधाकट लाइन मेलेली दिसेल. मग लोक सीएफएमलाच दोष देऊन ते बंद करतात.

क्रॉसचेकचं थोडक्यात: शिकलेलं टोक हरवलं तर स्विच सांगतो, पण जे टोक कधी आलंच नाही त्याची वाट बघायला यादी लागते. वीज जाऊन तुमचा स्विच नव्याने सुरू झाला आणि समोरचा मेलेलाच राहिला, तर यादीशिवाय अलार्म येणार नाही.

तुम्हीही त्या मेसेजमुळे सीएफएम काढलं असेल तर परत घाला. दोन्हीकडे डोमेन, लेव्हल, सेवेचं नाव, व्हीलॅन आणि अंतर तंतोतंत तेच. एमईपीचे क्रमांक मात्र वेगळे, १ ते ८१९१ मधले कुठलेही. मग दोन्ही स्विचवर रिमोट एमईपीची यादी उघडा आणि समोरचा क्रमांक तिथे दिसल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नका.