हातमोज्यांमागचा माणूस
रॉबर्ट एन्केवरचा लेख वाचला आणि त्याच्या आत्महत्येची १० नोव्हेंबर २००९ ची ती बातमी पुन्हा आठवली. जर्मनीचा गोलकीपर, वय अवघं ३२. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको टेरेसा कॅमेऱ्यांसमोर बसली आणि नैराश्य, उपचार, लपवालपवी, सगळं सांगून टाकलं. आजार उघड झाला तर दत्तक घेतलेली लेक काढून नेतील, ही त्याला धास्ती. (पोटची लारा २००६ मध्येच हृदयाच्या आजाराने गेली होती.) गुडघा दुखावला की खेळाडू लंगडताना दिसतो तरी, हा मात्र हातमोजे चढवून गोलपोस्टमध्ये उभाच. 'पैसा, नाव, काय कमी होतं?' असं विचारणाऱ्यांचा खरंच राग येतो. हॅनोव्हरच्या भरल्या स्टेडियममध्ये मैदानाच्या मधोमध ठेवलेली ती शवपेटी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.