"मी द्राक्षांबद्दल बोलत होतो"

मार्चचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे जेवायलाही फुरसत नसते. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकिंग शेडमध्ये हिशेब बघते. शेडचं नाव लिहीत नाही, असं कुठल्याही शेडमध्ये घडू शकतं.

गेल्या सीझनला एका दुपारी हजेरीची वही घेऊन खाली गेले होते. लांबच लांब टेबलावर माल, दोन्ही बाजूंना बायका कात्रीने खराब मणी काढत बसलेल्या. बहुतेक जणी पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी. सुपरवायझर फोनवर कुणाशी तरी भाव बोलला, फोन ठेवला आणि एका बाईकडे बघत मोठ्याने म्हणाला, "यंदा काळीला लई मागणी आहे बरं का!"

सगळी शेड हसली. मीही हसले. ती हसली नाही. हात चालूच राहिले, मान तेवढी आणखी खाली गेली.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. म्हटलं, दादा, हे चांगलं नाही केलंत. तो म्हणाला, "ताई, मी द्राक्षांबद्दल बोलत होतो. जंबोला भाव आहे की नाही, सांगा?" आहे ना. जंबो म्हणजे काळ्या द्राक्षांचा वाण, आणि काळ्या मालाला सहसा हिरव्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, हे निफाड-दिंडोरीतलं शाळकरी पोरही सांगेल. मला पुढे बोलताच येईना. वर्ष झालं, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली तर पहिला प्रश्न आला, "मग आता काळं म्हणायचंच नाही का?" अगं, म्हणायचं ना! आपण नाशिककर. काळाराम आपला, गोराराम आपला. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो आणि पंढरीला जाऊन काळ्या विठोबासमोर रडतो. या शब्दात मुळात कसलीच घाण नाही. काळाबाजार, काळी यादी हे शब्दही टाकून द्या असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या शब्दांनी कुणा माणसाकडे बोट दाखवलेलं नसतं. त्या दुपारी सुपरवायझरने दाखवलं होतं.

दुसरा प्रश्न, "यात वंशबिंश कुठून आणलास? तो अमेरिकेतला प्रकार." तर ऐका. माझा रंग त्या बाईपेक्षा कणभरही उजळ नाही. पाच वर्षांत त्याने मला असं एकदाही ऐकवलेलं नाही. मी वर ऑफिसात बसते, माझं आडनाव वेगळं आहे, मी डोंगरावरून टेम्पोत बसून येत नाही. म्हणजे त्याला फक्त रंग दिसला नव्हता. रंग, जमात आणि रोजंदारी त्याने एका शब्दात उच्चारली, आणि विचारल्यावर त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थामागे जाऊन उभा राहिला. तिने तक्रार केली असती तर "तुलाच बरं लागलं?" असं तिलाच ऐकावं लागलं असतं.

आमच्या घरात जास्त खाणाऱ्या पोराला "हबशासारखा खातोस" म्हणायचे. आजी तर अगदी मायेने म्हणायची. हबशी म्हणजे हबसाणातला, आजच्या इथिओपियातला माणूस, हे मला फार उशिरा कळलं. मलिक अंबर हबशीच. गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणणारा एवढा मोठा माणूस, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याच्या लोकांचं नाव उरलं ते खादाडासाठी. आजीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तरी माझ्या मुलाला मी हा शब्द वापरत नाही.

सगळ्यात जास्त मला लागला तो "भामटा". द्राक्षाच्या धंद्यात हा शब्द रोजचा. शेतकऱ्याचा माल उचलायचा, पैसे बुडवायचे आणि रातोरात पसार व्हायचं, असे व्यापारी दर सीझनला निघतात. पेपरात मथळा येतो, भामट्याने गंडवलं. असाच एक व्यापारी पळाला तेव्हा मी ऑफिसात दिवसभर भामटा, भामटा करत होते. आमच्याकडे डेटा एंट्रीला एक मुलगा आहे. तो संध्याकाळी हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या कास्ट सर्टिफिकेटवर हेच लिहिलंय."

राजपूत भामटा. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं. कायदा गेला, शब्द मात्र आमच्या तोंडात तसाच राहिला. त्या मुलाला कॉलेजच्या ॲडमिशनच्या रांगेत ते सर्टिफिकेट पालथं धरून उभं राहायची सवय लागली होती. हे ऐकल्यापासून मी "लबाड" म्हणते, "ठकवणारा" म्हणते. मराठीत शब्दांची काय कमी आहे?

"भय्या"बद्दल थोडक्यातच लिहिते. उत्तर भारतातून आलेल्यांच्या भाषेत तो भाऊ. आपण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कोणत्या सुरात म्हणतो ते आपल्याला माहीत आहे. 2008 च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर बोचकी घेऊन जी माणसं गाडीची वाट बघत होती, त्यांनाही तो सूर माहीत होता.

काळारामाच्या दारात 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. आत काळ्या पाषाणाचा राम, आणि बाहेर जन्मावरून अडवलेली माणसं. दरवर्षी ही तारीख ऐन सीझनमध्ये येते. यंदा आली तेव्हा मी पगाराची शीट करत होते. मुकादमाच्या वहीत एकाच नावाच्या दोघी आहेत. ओळखू याव्यात म्हणून त्याने एकीपुढे "काळी" लिहिलंय, दुसरीपुढे "गोरी". पाच वर्षं मी ते जसंच्या तसं शीटमध्ये उतरवत आले होते. काळी म्हणजे तीच, गेल्या वर्षी मान खाली घातलेली.

मी खाली गेले आणि तिला विचारलं, ताई, तुमचं पूर्ण नाव काय? तिने आधी, "का, काय चुकलं?" असं विचारलं. मग वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गावही सांगितलं. तिथेच उभी राहून मी ते शीटवर लिहिलं. त्या शनिवारी पगाराला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली, तर ती लगेच पुढे आली नाही. दुसऱ्यांदा मारावी लागली.