'र'चा भाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रजी बोलणाऱ्याच्या उच्चारावरून समाजात त्याची पायरी ठरते, या माझ्या लेखावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : उत्तर इंग्लंडातल्या न्यूकॅसलचा माणूस कमी कमावतो तो बोलण्यामुळे नव्हे, तिथल्या खाणी आणि जहाजांचे कारखाने बंद पडले म्हणून. उच्चार हा निव्वळ गावाचा छाप. आणि मालक स्पष्ट बोलणाराच निवडणार, त्यात अन्याय कसला?

खाणींचं मान्य. 'उच्चार बदला, पगार वाढेल' हे माझं वाक्य उथळच होतं, काढून टाकलंय. बाकीचं मात्र पटत नाही.

स्पष्टपणाचंच बघा. इंग्लंडातल्या प्रतिष्ठित उच्चारात शब्दाच्या शेवटचा 'र' गाळतात. 'कार'चं 'काऽ' होतं. त्याला कोणी अस्पष्ट म्हणत नाही. न्यूयॉर्कमध्ये तोच 'र' गाळला की माणूस खालच्या थरातला ठरतो. तेही पूर्वापार नाही. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या बड्या घराण्यातले, आणि भाषणात खुशाल 'र' गाळायचे. वारं फिरलं दुसऱ्या महायुद्धानंतर.

आता अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांचा १९६२चा प्रयोग. न्यूयॉर्कमधली तीन दुकानं : श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गीयांचं मेसीज, स्वस्तातलं क्लाइन. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि नेमकी तीच वस्तू कुठे आहे असं विक्रेत्यांना विचारायचं. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकूच न आल्याचं सोंग करून पुन्हा वदवून घ्यायचं. (आगाऊपणाच, पण काय डोकं!) थोडाफार तरी 'र' म्हणणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये जेमतेम २०.

सगळे एकाच शहरातले, एकाच धंद्यातले. बरं, सॅक्सचे विक्रेते जास्त कमावत होते म्हणावं तर तसंही नाही. लबॉव यांनीच नोंदवलंय की पगार उलट मेसीजमध्ये जास्त असावेत. म्हणजे तो 'र' विक्रेत्याच्या पगाराचा नव्हता, समोरच्या गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा होता. दुकानाने माणसंच तशी निवडली असतील, असं तुम्ही म्हणाल. असतील ना. पण मग निवड उच्चारावर झाली, हेच तर मी म्हणतोय.

शिवाय 'काय म्हणालात?' विचारल्यावर दुसऱ्या खेपेला मेसीजवाल्यांचा 'फ्लोअर'मधला 'र' एकदम वाढला, जवळपास सॅक्सच्या पंक्तीला जाऊन बसला. निव्वळ गावाचा छाप असता, तर दोन सेकंदांत असा बदलला असता का?