फेस नाही म्हणजे विष नाही?

‘मांजराला विषबाधा झाली की तोंडाला फेस येतोच, फेस नसेल तर घाबरू नका. मांजर चोखंदळ असतं, विषारी वस्तूला तोंड लावत नाही. शंका वाटलीच तर दूध पाजा, नाहीतर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. चोवीस तास निघाले की धोका टळला.’ मांजर पाळणाऱ्यांमध्ये हा मेसेज सतत फिरत असतो. यातलं एकच विधान अर्धं खरं आहे, बाकीची जिवावर बेतणारी आहेत.

आधी फेसाचं बघू. कडू औषध जिभेला लागलं तरी मांजर फेस काढतं. मळमळ, दातांचं किंवा हिरड्यांचं दुखणं यांतही लाळ गळते. काही कीटकनाशकांनी लाळ गळते हे खरं, पण त्यासोबत बाहुल्या बारीक होतात, जुलाब होतात, अंग थरथरतं. उलट कित्येक विषांमध्ये फेसाचा पत्ताच नसतो. पॅरासिटामॉल घ्या. ते निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते, त्यामुळे ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध पोटात गेलेलं मांजर नुसतं मलूल बसून राहतं. हिरड्या पांढुरक्या पडतात, छातीत रक्तस्राव झाला तर श्वास जड होतो, आणि बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही.

म्हणून तोंडाबाहेर काय आलंय यापेक्षा ओठ वर करून आत बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. काही मांजरांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळे डाग असतात, तेव्हा आपल्या मांजराचा नेहमीचा रंग आधीच माहीत हवा. झोपेतला श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त पडत असेल तर डॉक्टरांना विचारा. तोंड उघडं टाकून श्वास चालला असेल तर विचारत बसू नका, उचला आणि दवाखाना गाठा. एरवी पायात घोटाळणारं मांजर कपाटामागे जाऊन बसलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं, कान किंवा कातडी फडफडू लागली, तर तीही लक्षणंच.

चोखंदळपणाची गोष्ट खाण्यापुरती खरी. पण मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, आणि विष येतं ते या वाटेने. लिलीच्या फुलाचे परागकण अंगावर सांडले, ते चाटले गेले, एवढं पुरतं. फुलदाणीतलं पाणीही धोक्याचंच. जंतुनाशक टाकून पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की काही तासांनी जिभेवर फोड येऊ शकतात. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिनचं पिसवांचं औषध तर मांजराच्या नुसतं मानेवर टाकलं तरी त्याला झटके येऊ शकतात.

सगळ्यात घातक ओळ चोवीस तासांची. लिलीमुळे पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात. मांजर सावरल्यासारखं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि याच काळात किडन्या निकामी होत असतात. लघवी बंद होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. सलाइन पहिल्या १८ तासांच्या आत सुरू झालं तर वाचण्याची शक्यता चांगली. मेसेजमधलं घड्याळ ही वेळ उलटल्यावरच थांबतं. गाडीच्या कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचंही तसंच. आधी नशा केल्यासारखी चाल, मग थोडा आराम, मग किडनी. त्यावरचा उतारा मांजराला साधारण ३ तासांत मिळावा लागतो. उंदराच्या त्या औषधाची तऱ्हा उलटी: रक्तात आधीपासून असलेले गोठवणारे घटक संपेपर्यंत काही दिसत नाही, आणि त्याला २ ते ५ दिवस लागतात. लक्षणं दिसण्याआधी नेलं तर व्हिटॅमिन के१ उत्तम काम करतं, फक्त ते काही आठवडे द्यावं लागतं.

दुधाने विष मरत नाही. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात, आणि मग जुलाब विषाचे की दुधाचे हे डॉक्टरांनाही कळत नाही.

मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असं नाही; रक्तातलं सोडियम वाढून झटके मात्र येऊ शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला रक्तस्राव होण्याइतकी इजा होते. रॉकेल किंवा अ‍ॅसिड गेलं असेल तर उलटी आणखी वाईट: रॉकेल फुप्फुसात शिरतं, अ‍ॅसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात आणि इंजेक्शन देऊन करवतात.

अंगाला काही लागलं असेल आणि मांजर शुद्धीवर, शांत असेल तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, टॉवेलात गुंडाळा, चाटू देऊ नका. झटके येत असतील तर धुण्यात वेळ न घालवता निघा. निघतानाच फोन करा आणि काय, किती, किती वाजता, मांजराचं वजन किती, एवढं सांगा. औषधाचं पाकीट, झाडाची फांदी किंवा तिचा फोटो सोबत घ्या. उलटी झाली असेल तर तीही डबीत भरून न्या.