गावी गेलं की लिहून होतं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: लेखकाने शहर सोडावं आणि कोकणात कौलारू घरात जाऊन राहावं. तिथे शांतता असते, खर्च जवळजवळ नसतोच, घरच्यांना भरपूर वेळ देता येतो आणि निसर्गच तुमच्याकडून लिहून घेतो. कोकणाने एवढे लेखक उगीच दिले का?

सातवा पाठवणारा डोंबिवलीचा माझा मामेभाऊ. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, मी नोकरी सोडायचं म्हणतोय. तू तर हेच जगतेस ना!" तो खरंच राजीनामा देईल म्हणून हे सविस्तर उत्तर.

मी दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, सासरच्या घरात अठरा वर्षं राहते. घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं. मागे नारळी-पोफळीचं आगर. मी कथा लिहिते आणि भाषांतराची कामं करते. या घरावर माझा फार जीव आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल खोटं पसरलेलं मला चालत नाही.

पहिलं, शांतता. सकाळी विहिरीवरचा पंप सुरू होतो, शेजारच्या कलमांच्या बागेत ग्रासकटर लागतो. आठच्या सुमाराला वांदर आगरात उतरतात आणि हातातलं टाकून सगळ्यांना डबे बडवत धावावं लागतं. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर सर आली की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि माणसं! आमच्याकडे पडवीचं दार दिवसा लावत नाहीत. लिहायला बसले की कोणीतरी येऊन टेकतंच. "तू लिहितेस ना, मग एवढा अर्ज लिहून दे." नळपाणी योजनेचा, सातबाऱ्यावरच्या चुकीचा, वादळानंतर तर पंचनाम्यांचे कितीतरी. ते मी आनंदाने लिहिते. माझ्या लिहिण्याचा गावाला तेवढा तरी थेट उपयोग आहे. पण त्याला शांतता म्हणू नये.

खर्च नसतो, हे ज्याने लिहिलं त्याने कधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी केलेली नाही. मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, लाकूडफाटा पडवीत भरायचा, तांदूळ, कडधान्य, मसाला, सुकी मासळी चार महिन्यांची आणून ठेवायची. माडावर चढणारा माणूस झाडामागे पैसे घेतो आणि तो मिळणंच अवघड झालंय. उत्पन्न मात्र वर्षातून एकदोनदा, तेही हवामानाच्या मर्जीवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या पोफळी अर्ध्या दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. त्या वर्षी घर माझ्या भाषांतराच्या पैशावर चाललं, म्हणजे गावाने मला नाही, माझ्या कामाने गावच्या घराला सांभाळलं.

इंटरनेटचं एका ओळीत सांगते: लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो.

आता घरच्यांना वेळ. मेसेजमधला लेखक खिडकीशी बसलेला आहे, समोर वाफाळता चहा आहे. तो चहा केला कोणी? पाणी कोणी भरलं, दूध कोणी आणलं? मी बाई असल्यामुळे मला हे आधी दिसतं. गावच्या घरात एकत्र असणं म्हणजे एकत्र काम करणं. थंडीत अंगणभर सुपारी वाळत असते, ती महिना-दीड महिना रोज हलवायची, अवकाळी शिंतोडा आला तर उचलायची. आमसुलं घालायची, फणसपोळी थापायची, गणपतीत चाकरमानी आले की पंधरा-वीस पानं वाढायची. मुलांशी माझ्या खऱ्या गप्पा सुपारी सोलतानाच होतात, हे कबूल. पण त्या वेळात कथा लिहून होत नाही. दोन्ही एकदम मिळतं असं सांगणं ही फसवणूक आहे.

मला वेळ मिळाला तो सासूबाईंमुळे. त्या सातवीपर्यंत शिकल्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी रात्री चुलीपुढे वही घेऊन बसलेली त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "रात्रीचे डोळे कशाला फोडत्येस? दुपारी बस. भांडी मी घासत्ये." तेव्हापासून दुपारचे दोन तास माझे. कोणी आलं तर त्या स्वतःच त्याला पडवीत थोपवून धरतात.

वादळाच्या दिवशी माजघरावरची कौलं उडाली आणि माझी हाताने लिहिलेली शंभरेक पानं भिजली. मी रडत बसले. त्यांनी चुलीच्या वर दोरी बांधली, एकेक पान अलगद सोडवून तिच्यावर टाकलं, खाली मंद जाळ ठेवला. दोन दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. वाळलेली पानं त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसली. तिथे दमट हवा लागत नाही. पावसाळ्यात इथे कागद असा मऊ पडतो की पेन रुततं आणि शाई पसरते. तेव्हापासून माझं हस्तलिखित आषाढ-श्रावणात तांदळातच असतं.

राहिला मुद्दा कोकणाने दिलेल्या लेखकांचा. श्री. ना. पेंडसे १९१३ साली इथल्याच मुर्डीत जन्मले, पण नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये, आणि दापोलीची माणसं लिहिली ती तिथे राहून. चिं. त्र्यं. खानोलकरांची कुडाळची खानावळ चालेना, तेव्हा १९५९ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. मालगुंडचे केशवसुत मास्तरकी करत गावोगाव फिरले आणि १९०५ मध्ये हुबळीत वारले. कोकण त्यांच्या लिहिण्यात आहे, यात शंकाच नाही. पण पोटासाठी त्यांना ते सोडावं लागलं, आणि मेसेज नेमकं तेवढंच गाळतो.

तर बाबा, राजीनामा आत्ता देऊ नकोस. मे महिन्यात आंबे खायला येतोस ते धरू नकोस, आषाढात पंधरा दिवस ये. लाकडं ओली असतील, कपडे वाळत नसतील, लाईट नसेल. पाणी तू भर, भांडी तू घास आणि मग रोज दोन पानं होतात का बघ. एकटा येऊ नकोस, तुझ्या बायकोलाही घेऊन ये. नोकरी तिचीही आहे, आणि गावी राहण्याबद्दल तिचं काय म्हणणं आहे ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही.